नजफ ते करबला, पोल नंबर १४५२

आमच्या घरात जमल, सिफ्फीन ही पैगंबरांनंतर मुसलमानांच्या आपसात झालेल्या लढायांची नावं निघाली की अब्बा विषय बदलायचे. आम्ही सुन्नी, नगरचे, मोहरमात शेजारच्या हिंदू पोरांबरोबर सवारीच्या मिरवणुकीत फिरत मोठे झालो, हुसैनचं नाव सगळ्यांच्याच तोंडी असायचं, पण सहाबांनी, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांनी, एकमेकांवर तलवारी का उपसल्या हे काही विचारायचं नाही. अब्बा म्हणायचे, त्या रक्तापासून अल्लाहनं आपले हात लांब ठेवले, मग जीभ कशाला बुडवायची त्यात. पुढे कॉलेजात पॉलिटिकल सायन्स शिकवायला लागलो तेव्हा कळलं की हे वाक्य त्या लढायांतला एक पक्ष असलेल्या उमय्या घराण्यातल्याच एका खलिफाच्या, उमर बिन अब्दुल अझीझच्या नावावर सांगतात. म्हणजे गप्प बसणं हासुद्धा त्या यादवीतूनच निघालेला राजकीय विचार.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये डोंगरीचा एक शिया मित्र अरबईनला, म्हणजे हुसैनच्या चाळिसाव्यासाठी इराकमधल्या करबलापर्यंतच्या पायी यात्रेला, निघाला, म्हणाला चल. गेलो.

चालायला सुरुवात नजफहून होते, पण आदल्या दिवशी मी हट्टानं कूफ्याला जाऊन आलो, दहाएक किलोमीटर. ६५६ मध्ये मदिन्यात बंडखोरांनी खलिफा उस्मानला मारलं, त्यानंतर पैगंबरांचे जावई अली खलिफा झाले आणि ही कूफाच त्यांची राजधानी झाली. सिफ्फीनला, ६५७ मध्ये, अलींना न मानणाऱ्या सीरियाच्या सुभेदाराच्या, मुआवियाच्या, सैनिकांनी भाल्यांवर कुरआनची पानं लावली, लवाद नेमायचं ठरलं, आणि अलींचेच काही लोक फुटून निघाले, "हुकूम फक्त अल्लाहचा" म्हणत. तेच खवारिज. या मशिदीत ते अलींचा खुत्बा, म्हणजे प्रवचन, मध्येच तोडून घोषणा द्यायचे. अली म्हणाले, वाक्य खरं आहे, त्यामागचा हेतू खोटा. आणि पुढे, तुम्हाला मशिदीत यायला अडवणार नाही, आमच्यासोबत आहात तोवर खजिन्यातला वाटा थांबवणार नाही, तुम्ही हात उचलल्याशिवाय आम्ही उचलणार नाही. मी त्या अंगणात उभा होतो आणि मला खरंच भरून आलं, कारण राज्य चालवणाऱ्या माणसानं तोंडावर शिव्या खाऊन हे कबूल केलं होतं, साडेतेराशे वर्षांपूर्वी. खवारिजनी निरपराध माणसं मारायला सुरुवात केली तेव्हाच, ६५८ मध्ये, नहरवानला लढाई झाली. आणि ६६१ मध्ये याच मशिदीत एका खारिजीनं अलींवर विषारी तलवार चालवली. तरी मुलांना सांगून गेले, कैद्याला नीट खायला द्या, मी मेलोच तर एका वाराला एकच वार, देहाची विटंबना करू नका.

मग चालणं. अंतर साधारण ऐंशी किलोमीटर, रस्त्याच्या कडेला नंबरचे पोल, ५० मीटरला एक, ऊन इतकं की आम्ही संध्याकाळी निघायचो आणि पहाटेपर्यंत चालायचो. दोन्ही बाजूंना मौकिब, म्हणजे सेवेचे मंडप. छोट्या काचेच्या ग्लासात काळा गोड चहा, कीमा-भात, खजूर, पैसे विचारले तर लोकांना वाईट वाटायचं. पोल ७०० च्या आसपास एका म्हाताऱ्या चाचांनी माझे पाय मांडीवर घेऊन चोळले, मी ओढून घेत होतो तर ओरडले. तेच सांगत होते की सद्दामच्या पक्षाच्या राज्यात ही वाट बंद, फेब्रुवारी १९७७ मध्ये चालणाऱ्यांवर सैन्य घातलं, नंतर लोकांना फासावर दिलं, तरी माणसं रात्री खजुरीच्या बागांतून लपत जायची. २००३ नंतर रस्ता मोकळा झाला. नुसतं चालणं एखाद्या सरकारला इतकं का खुपावं, हे त्या रस्त्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ६८० मध्ये अलींचे पुत्र हुसैन यांनी मुआवियाचा मुलगा खलिफा यझीदची बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, नाकारली, करबलात ७२ साथीदारांसह मारले गेले, आणि तेव्हापासून "जालीम राज्यकर्त्याला मान्यता द्यायची का" हा प्रश्न मिटलेलाच नाही.

इराणात विचारवंत अली शरियतींनी तेच पकडलं, करबला रडण्यासाठी नाही, उठण्यासाठी आहे. धर्मगुरू खोमेनींनी १९६३ च्या आशुराला, म्हणजे हुसैन मारले गेले त्या दिवशी, कूममध्ये शाहची तुलना यझीदशी केली, डिसेंबर १९७८ च्या आशुराला तेहरानचे रस्ते भरले, पुढच्या जानेवारीत शाह देश सोडून गेला. आणि मग डिसेंबर २००९, पुन्हा आशुरा, पुन्हा तेहरान, आता रस्त्यावर खोमेनींनी उभ्या केलेल्या नव्या राज्याचे विरोधक होते आणि त्यांच्यातली माणसं मारली गेली. तिकडे अरब देशांत सरकारं आपल्या विरोधकांना खवारिज म्हणतात. मला हे फार लागतं. करबला सगळ्यांनी उचलली, यझीद कोण हे प्रत्येकानं आपापलं ठरवलं, पण अली विरोधकाशी कूफ्याच्या मशिदीत कसं वागले ते कुणी उचललं नाही. आणि ते काही फक्त शियांचं नाही, पळणाऱ्याचा पाठलाग नको, जखमीला मारू नका, माल लुटू नका, हे आपल्या हनफी आणि शाफई फिक्हमधले, म्हणजे धर्मकायद्यातले, बंडखोरांबद्दलचे नियम अलींच्या जमलमधल्या वागण्यावरूनच बेतलेत.

तिसऱ्या रात्री करबला, पोल १४५२. समोर हुसैनचे भाऊ हजरत अब्बास यांच्या दर्ग्याचा घुमट, मित्र रस्त्यातच बसून हमसून रडत होता, मी त्याच्या शेजारी बसलो. मग घरी फोन लावला. अब्बांनी पायांचं विचारलं, पाण्याचं विचारलं. कूफ्याला गेलो होतो म्हटल्यावर गप्प झाले, मला वाटलं विषय बदलतील.

"जमलनंतर त्यांनी दोन्हीकडच्या मयतांची नमाज पढली होती," अब्बा म्हणाले. "तू पढलास का फातिहा? दोन्हीकडच्यांसाठी?"

मी म्हटलं, नाही अब्बा, आता पढतो.

"थांब, मी पण पढतो," म्हणाले, आणि फोन चालूच ठेवला.