माउली, पाय इकडं करा

समानार्थी शब्दांच्या तासाला मी फळ्यावर वर्षानुवर्षं एकच ओळ लिहीत आले आहे : संत – साधू, सज्जन, महात्मा. आळंदीहून निघाले तेव्हा तीच ओळ डोक्यात होती.

पुणे ते सासवड हा वारीतला सर्वांत लांबचा टप्पा. दिवेघाट चढून वर येईपर्यंत माझ्या डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. सासवडच्या मुक्कामी आमच्या दिंडीतले एक आजोबा सुई घेऊन समोर बसले. "माउली, पाय इकडं करा." सत्तरीच्या माणसाने आपला पाय हातात घ्यायचा, या विचाराने मी तो मागे ओढला. त्यांनी शांतपणे तो मांडीवर घेतला, फोडातून सुई आरपार काढली आणि दोरा आतच ठेवला. पाणी दोऱ्यावरून थेंबाथेंबाने उतरू लागलं. काम झाल्यावर त्यांनी माझ्याच पायाला हात लावून तो कपाळाला लावला.

माउली म्हणजे आई. वारकऱ्यांनी हा शब्द दिला तो १२९६ साली, एकविसाव्या वर्षी आळंदीत समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांना. आणि वाटेवर तोच शब्द पाणी देणाऱ्याला, धक्का लागलेल्याला, फोड आलेल्या बाईला. बाई-पुरुष, लहान-थोर असा फरकच नाही.

दुसऱ्या दिवशी मुक्काम तिथेच होता. कुणीतरी विचारलं, "काकांचं दर्शन झालं का?" कोणाचे काका, हे कळायला मला क्षणभर लागला. सोपानदेवांची समाधी सासवडचीच, म्हणून ते सोपानकाका. तेरचे गोरोबाकाका, मुक्ताई, तुकोबा, चोखोबा, जनी. ज्यांच्या नावामागे पुस्तकात आपण 'संत' लावतो, त्यांना इथे घरातल्या माणसांसारखी हाक मारतात. 'संत' हा शब्द ऐकू येतो तो कीर्तनात, नाहीतर एखाद्या गरीब स्वभावाच्या माणसाबद्दल : "अगदी संत माणूस आहे हो!"

संध्याकाळी आजोबांना मी फळ्यावरचे शब्द म्हणून दाखवले. ते म्हणाले, "साधू म्हंजी जटा वाढवलेले, कुंभमेळ्याला जात्यात ते. आपल्यात बुवा असत्यात, महाराज असत्यात." कीर्तन करणारे बुवा, दिंडीचे प्रमुख महाराज, हे त्यांचं पक्कं होतं. ('बुवाबाजी'तही हाच बुवा आहे, याचं मला फार वाईट वाटतं. कीर्तनकाराच्या नावापुढचा इतका आदराचा शब्द, आणि भोंदूंनी तो नासवला.)

पण 'साधू'ची गोष्ट मला सोडवेना. रंजल्यागांजल्यांना जो आपलं म्हणतो तोच साधू ओळखावा, असं तुकोबांनी सांगितलंय. त्यात जटा नाहीत, भगवं नाही. मी आजोबांना तो अभंग म्हणून दाखवू लागले. पहिल्या ओळीलाच त्यांनी डोळे मिटले आणि पुढचा सगळा त्यांनीच म्हटला. मग पिशवीतून खोबरेल काढून माझ्या टाचेला लावलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे दोरा ओढून काढला. कातडी सुकली होती. जेजुरीच्या वाटेला लागलो आणि मागून पाण्याच्या टँकरवाल्याने आवाज दिला, "ओ माउली, कडेनं, कडेनं!"

रस्त्यावरचे सगळेच कडेला झाले.