सोळा सालाला लय पाणी

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका गावाचा पाण्याचा ताळेबंद आम्हाला ग्रामसभेपुढे मांडायचा होता. आधी बावीस पानांचा अहवाल केला. सरपंचांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाटात ठेवला. महिन्याभरानं गेले तर तिथंच, वर गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं. मग मी म्हटलं, चित्रं काढू.

पहिलं चित्र पाणीपातळीचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जवळच्या अशा एका विहिरीच्या दरवर्षीच्या मे महिन्यातल्या नोंदी घेतल्या आणि एक्सेलमध्ये उभे स्तंभ काढले. नोंद असते ती जमिनीपासून पाणी किती मीटर खाली आहे, त्याची. म्हणजे पाणी जितकं खोल, तितका स्तंभ उंच. मी रोज असेच आकडे बघते, त्यामुळे यात काही वावगं आहे हे डोक्यातच आलं नाही.

समाजमंदिराच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला. मागून एक तात्या म्हणाले, "ताई, सोळा सालाला तर लय पाणी दाखवायलाव की वो तुम्ही!"

सगळी सभा हसली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, आणि माझ्या भिंतीवर त्याच वर्षाचा स्तंभ सगळ्यांत उंच! बाई चुकीचं दाखवतेय, एवढाच त्याचा अर्थ निघाला. आकडे बरोबर होते, हे त्यांना सांगून काय उपयोग?

घरी येऊन आलेख उलटा केला. शून्य वर, तिथं जमिनीची जाड तपकिरी रेघ, आणि तिच्यापासून खाली लोंबणारे स्तंभ, विहिरीत सोडलेल्या दोरासारखे. दोर जितका लांब, तितकं पाणी खोल. मीटर काढून टाकले. आमच्याकडे विहीर परसात, म्हणजे पुरुषभर खोलीच्या मापानं मोजतात, बोअर फुटात, मीटर फक्त कागदावर. विहिरीचाच आलेख होता, म्हणून परस ठेवले. २०१६ च्या दोराखाली लिहिलं, 'रेल्वेचं पाणी'. पुढच्या बैठकीत मी काही बोलायच्या आधीच बाया त्या दोराकडे बोट दाखवून त्या वर्षीच्या हंड्यांच्या रांगांबद्दल बोलू लागल्या.

रंगांचा घोटाळा त्यामानानं किरकोळ. नकाशात कोरडा भाग लाल, पाण्याचा हिरवा. तालुक्याला झेरॉक्स काढली तर दोन्ही सारखेच करडे. तेव्हापासून रंगाबरोबर आडव्या-तिरप्या रेघाही देते, आणि कोपऱ्यात सूची न देता नाव थेट त्या भागावरच लिहिते. साहेबांच्या टेबलावर शेवटी झेरॉक्सच जाते.

खरी परीक्षा पिकांच्या चित्रानं घेतली. हिशेब सोपा आहे: एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर, तेवढ्याचा एक टँकर धरला. टँकर आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून टँकरचंच चित्र घेतलं. सोयाबीनला साधारण ५०० मिलिमीटर धरले, उसाला २,०००. चौपट पाणी म्हणून उसाचा टँकर चौपट उंच केला, आणि चित्र बिघडू नये म्हणून रुंदीही चौपट. एक ऊसवाले अण्णा ताडकन उठले, "आमच्याच उसानं गाव पिऊन टाकलं म्हना की!"

मला आधी वाटलं, झोंबलं. नंतर कागदावर पट्टी ठेवली तेव्हा कळलं, माणूस बरोबर होता. उंची आणि रुंदी दोन्ही चौपट, म्हणजे डोळ्याला दिसतं सोळापट. ही चूक जुनी आहे. व्हिएन्नात आकडेवारी चित्रांतून मांडणाऱ्या ऑटो न्यूराथ यांनी १९२० च्या दशकातच नियम घालून दिला होता की आकडा मोठा असेल तर चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र पुन्हा पुन्हा काढायचं.

मग फळ्यावर खडूनं काढलं. एक चित्र म्हणजे शंभर टँकर, सगळं एका हेक्टरचं. सोयाबीनचे पाच, उसाचे वीस. वर पावसाची ओळ, साधारण ७०० मिलिमीटरची, म्हणजे सात. पडलेला सगळा पाऊस पिकाला मिळत नाही, तो हिशेब मुद्दाम बाजूला ठेवला. फळ्यावर एका वेळी एकच भांडण बरं. सोयाबीनची ओळ सातच्या आत बसत होती. उसाची तेरा चित्रं बाहेर. ती कुठून येतात हे मी लिहिलं नाही, वरचे दोर शेजारीच टांगलेले होते.

अण्णा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठिबक केलं तर ह्यातले किती पुसताव?"

उत्तर तोंडावर देता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मोटारीचे तास, वाफे आणि पाळ्या मोजल्या, त्यात अख्खी सकाळ गेली. संध्याकाळी सहा पुसले. अण्णांना आठ हवे होते.