चूल पेटली एकदाची

गणपतीला कोकणात गावी गेलो आणि पहाटे चहाच्या वेळेलाच सिलेंडर संपला, मग काय, चूल. मी आपली मोठी लाकडं गच्च कोंबली, काडेपेटी अर्धी संपवली, नुसता धूर. आजी मागून, "अरे बाबा, वारा जायला जागा ठेव की!" तिने सगळं बाहेर काढलं, खाली नारळाचं सुकं सोडण पिंजून ठेवलं, वर काटक्या आडव्यातिडव्या, एक करवंटीचा तुकडा, आणि फुंकणीने दोनच फुंका. पेटली पण! लाकूड पावसाने दमट होतं, अशावेळी बरीच आग पाणी उडवण्यातच जाते, म्हणून ती उद्याची लाकडं आजच चुलीशेजारी टेकवून ठेवते. वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या दुसऱ्या तोंडावर, आंघोळीचं पाणी फुकटात तापलं. चहाला धुराचा वास होता, मी दोन कप प्यायलो, डोळे अजून चुरचुरतायत.