उशिरा वाजलेली तिसरी सिंफनी

शनिवार, रात्री उशिरा

हल्ली जेवणं आटोपली की तासभर फक्त ऐकण्यासाठी राखून ठेवते. अमेरिकेतला पुलित्झर पुरस्कार पत्रकारिता आणि साहित्याबरोबर संगीतासाठीही देतात. तो मिळालेल्या रचना क्रमाने ऐकायच्या, असं ठरवलं आहे. सुरुवात १९४३ची, विल्यम शूमन यांच्या कॅन्टाटाची, म्हणजे समूहगान आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेची. १९४५ला एरन कोपलंड यांचं 'अ‍ॅपलेचियन स्प्रिंग', मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यासाठी अवघ्या तेरा वाद्यांवर बांधलेलं. ते पहिल्याच ऐकण्यात आवडून जातं. पण १९४७पाशी आले आणि तिथून पाय निघेना.

त्या वर्षीचा पुरस्कार चार्ल्स आइव्ह्ज यांच्या तिसऱ्या सिंफनीला. गंमत म्हणजे ही सिंफनी लिहिली गेली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. पहिल्यांदा वाजली एप्रिल १९४६मध्ये, न्यूयॉर्कला. लू हॅरिसन नावाच्या तरुण संगीतकाराने ती हाती घेतली आणि स्वतः संचालन केलं. तोवर आइव्ह्ज एकाहत्तर वर्षांचे झाले होते.

मला हे पचायला जड गेलं. आपल्याकडे गायकाला तंबोरा मिळाला, तबल्याला कुणी बसलं की सुचलेलं त्याच संध्याकाळी गाता येतं. सिंफनीचं तसं नाही. ती कागदावर पूर्ण असते, सगळ्या वाद्यांचे सूर मांडलेले असतात, पण वीस-तीस माणसं एकत्र बसून वाजवेपर्यंत ती कुणाच्याच कानावर पडत नाही. लिहिणाऱ्याच्याही नाही. इतकी वर्षं ती फक्त मनातच ऐकायची!

आइव्ह्ज यांचा जन्म १८७४चा, कनेटिकटमधल्या डॅनबरी गावचा. वडील बँडमास्तर. दोन बँड एकाच वेळी वेगवेगळ्या धून वाजवत समोरासमोर चालत आले की कानाला काय होतं, हे ऐकून बघायचा त्यांना नाद होता. मुलाने तो नाद आयुष्यभर जपला. येल विद्यापीठात रीतसर संगीत शिकून झाल्यावर त्याने पोटासाठी न्यूयॉर्कमध्ये विम्याचा व्यवसाय धरला, पुढे भागीदारीत स्वतःची एजन्सी काढली आणि ती चांगली चालवलीही. संगीत लिहायचं रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. त्यामुळे कुणाला आवडेल का याची काळजी न करता लिहिता आलं. १९२७च्या सुमाराला एके दिवशी ते डोळ्यांत पाणी घेऊन जिन्यावरून खाली आले आणि आता काही सुचत नाही, सगळंच बेसूर वाटतं, असं पत्नीला म्हणाले. तिनेच ही आठवण पुढे सांगितली आहे. त्यानंतर नवीन काही जवळजवळ नाहीच. म्हणजे तिसरी सिंफनी लोकांसमोर आली, तेव्हा लिहिणारा हात थांबून दोन दशकं होत आली होती.

सिंफनी आज पुन्हा ऐकली. तीन भाग, वाद्यवृंद छोटा. गावाबाहेर तंबू ठोकून भरणाऱ्या प्रार्थनामेळाव्यांतली भजनं तिच्यात विखुरलेली आहेत. ओळखीची चाल सुरू झालीशी वाटते आणि दुसरीत मिसळून जाते. मधल्या भागात मुलांचा खेळ आहे, पण मला शेवटचा संथ भागच सर्वांत जवळचा वाटतो. त्याच्या अखेरीला अगदी पुसट घंटा आहेत, लांबच्या चर्चमधून आल्यासारख्या. पुरस्काराची अर्धी रक्कम आइव्ह्ज यांनी लू हॅरिसनला दिली. ती त्याचीच होती, असं मलाही मनापासून वाटतं.

उशीर हा धागा एकदा हाती लागल्यावर यादीत तो ठिकठिकाणी दिसायला लागला. १९६५ला परीक्षकांनी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या एकूण कामगिरीसाठी विशेष सन्मानाची शिफारस केली. पुलित्झर मंडळाने ती फेटाळली. त्या वर्षी संगीताचा पुरस्कारच दिला नाही आणि तिघांपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. सहासष्ट वर्षांचे एलिंग्टन म्हणाले, नियती माझ्यावर मेहरबान आहे, इतक्या लहान वयात मी फार प्रसिद्ध व्हावं असं तिला वाटत नाही. सन्मान झाला १९९९मध्ये, ते जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर. हे वाचून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

जॉर्ज वॉकर यांना निदान हयातीत मिळाला. १९९६ला, 'लायलॅक्स'साठी. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय संगीतकार, तेव्हा वय त्र्याहत्तर. लिंकन यांच्या मृत्यूवरच्या वॉल्ट व्हिटमन यांच्या कवितेतली कडवी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, गाते आणि भोवती बॉस्टनसारखा मोठा वाद्यवृंद. सूर कठीण आहेत, सहज गुणगुणता येणारे नाहीत. शब्द समोर ठेवून ऐकल्यावर मला वाट सापडली. पण ज्याला वॉकर यांच्याकडे पहिल्यांदा जायचं असेल, त्याने त्यांचं १९४६चं 'लिरिक फॉर स्ट्रिंग्ज' आधी ऐकावं. ते त्यांनी आजीच्या स्मृतीला वाहिलं. या आजीने गुलामगिरी स्वतः भोगली होती. सहाएक मिनिटांची रचना, फक्त तंतुवाद्यं, आणि दुःख कुठेही मोठ्या आवाजात मांडलेलं नाही.

वॉकर मुळात पियानोवादक होते, १९४५ला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर रखमानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, वाजवलेले. पियानोसाठी त्यांनी पाच सोनाटा लिहिले आहेत. उद्या पहिल्यापासून सुरू करते, यादीतलं पुढचं नाव थांबू शकतं.