हम गेला! आता कानबाईच्या गाण्यांची तयारी

मंडळी, हम गेला. हम म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये सतत येणारा घुमणारा आवाज; मागच्या वेळी ज्याच्यापाशी घोडं अडलं होतं, तोच. काल रात्री गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, बराच वर नेऊन हेडफोन लावले, तर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक स्वच्छ ऐकू आली. किती वेळ तेच ऐकत बसलो!

सेटअप तोच आहे: कंडेन्सर माइक, इंटरफेस (माइक जोडायची पेटी, एरवी यूएसबीने लॅपटॉपला लागते), डायरेक्ट मॉनिटरची खुंटी पूर्ण इनपुटकडे (म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपशिवाय थेट बाहेर) आणि मागच्या लाइन आउटमधून छोटा रेकॉर्डर. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (खानदेशातली देवी) बसेल, तेव्हा अमळनेर तालुक्यात मावशीच्या गावी बायकांची अहिराणी गाणी घ्यायची आहेत. समोर लॅपटॉप उघडला की गाणाऱ्या बायका बुजतात, म्हणून तो न्यायचाच नाही.

लॅपटॉप काढून इंटरफेस मोबाइल चार्जरवर लावताच एक उलगडा झाला. एक किलोहर्ट्झच्या आसपासची बारीक शिट्टी तिथल्या तिथे बंद झाली. यूएसबीवर दर मिलिसेकंदाला संदेश जातो, त्याचीच ती. उरला तो जाडा हम, म्हणजे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला, थेट घरच्या विजेचा.

मग एकेक वायर काढत गेलो. इनपुट मोकळे, फक्त हेडफोन: शांत. माइक जोडला: शांत. रेकॉर्डरची केबल लावली की हम हजर! रेकॉर्डरही चार्जरवरच होता. त्याला सेलवर घेतलं तर हम निम्म्याहून कमी झाला, पण संपेना. इंटरफेसच्या धातूच्या पेटीला हात लावला की आणखी उतरायचा, आणि तिथेच उत्तर मिळालं. मोबाइल चार्जर दोन पिनांचा, त्याला अर्थिंग नाही. आतल्या कपॅसिटरमधून थोडा करंट पेटीवर झिरपत राहतो. चार्जर काढून पॉवरबँक लावली आणि सगळं गप्प!

फँटम (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारे ४८ व्होल्ट) चालू केलं की इंटरफेस बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, तेही सुटलं. दोष बारीक यूएसबी केबलचा होता. इंटरफेसच्या टोकाला ४.४ व्होल्टच पोचत होते. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आखूड, जाड केबल आणली, तिच्यावर ४.९ मिळतात. एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनी जोडणीच्या) १ आणि २ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटर ४७.३ दाखवतो. ४४ ते ५२ मध्ये बसलं की झालं. केबल हातात घेऊन, जाडी बघूनच घ्यावी. ऑनलाइनच्या फोटोवर माझा अजिबात विश्वास नाही.

ज्यांच्या इंटरफेसचा मिक्सर सॉफ्टवेअरमधून चालतो, त्यांनी राउटिंग (कोणता आवाज कुठे जाईल ते) आधी कॉम्प्युटरवर लावून यंत्रात सेव्ह होतं का ते पाहावं. माझ्याकडे खुंटी आहे, म्हणून हे सोपं गेलं.

दुसरी पॉवरबँक घ्यायची ठरवली होती, पण हे लिहितानाच सुचलं: गावात घरोघरी कपाशीच्या फवारणीचा बॅटरी पंप असतो! आत १२ व्होल्टची बॅटरी, काकांच्या पंपात ८ अँपिअर-अवरची. त्यावर ७८०५ (व्होल्टेज ५ वर आणणारी चिप) लावून ५ व्होल्ट काढले तर? इंटरफेस ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे हिशेबाने २० तास, प्रत्यक्षात थोडे कमी. ७८०५ वर २.८ वॅट उष्णता होईल, तेव्हा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवाच. स्वस्तातलं बक कन्व्हर्टर (वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज उतरवणारं सर्किट) गार राहतं, पण त्याचा स्विचिंगचा गोंगाट मला माइकजवळ नको. पॉवरबँकची खरेदी रद्द. उद्या बोर्ड जोडतो आणि इंटरफेस लावण्याआधी लोडवर ५ व्होल्ट टिकतात का ते मोजतो.