पाकिटातला १७९९

फिलाडेल्फियाबाहेरच्या एका छोट्या दुकानात मी जुनी नाणी तपासतो. कोल्हापूरहून आईचा फोन आला की ती अजून विचारते, दिवसभर नक्की करतोस काय? तिच्या राज्यात तांबं म्हणजे चिंच लावून लख्ख करायची वस्तू. इथे कुणी लख्ख तांबं काउंटरवर ठेवलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण घासलेल्या नाण्याला किंमत नाही.

त्या मंगळवारी सत्तरीचे एक गृहस्थ आले. आयुष्यभर प्लंबिंग केलेले, बोटांवरूनच कळत होतं. त्यांनी खिशातून पिवळं पडलेलं कागदी पाकीट काढलं. त्यावर आजोबांच्या अक्षरात शाईने लिहिलेलं : १७९९.

आमच्या धंद्यात या आकड्याने माणूस खुर्चीत ताठ बसतो. इथल्या टाकसाळीत १७९३ ते १८५७ या काळात तांब्याचे मोठे सेंट, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या भागाची नाणी, पडत होते, फक्त १८१५ साल रिकामं गेलं. आकाराने आपल्या साठच्या दशकातल्या मोठ्या रुपयाएवढे. त्यांतली १७९९ आणि १८०४ ही सालं मिळणं महाकठीण.

खोटं कशाला सांगू, पहिली दोन मिनिटं मी भुललो. झिजलेलं, पण अंग सारखं, चॉकलेटी रंगाचं. फितीने केस बांधलेली लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी, नीट दिसत होती. तराजूवर साडेदहा ग्रॅमच्या आसपास भरलं. पण वजनाची साक्ष इथे कामाची नाही. तांबं महागल्यामुळे १७९५च्या अखेरीस सेंटचं वजन १३.४८ वरून १०.८९ ग्रॅमवर आणलं. त्यानंतरचा १७९८चा सेंटही तेवढाच भरतो, आणि गोची तिथेच आहे. इंग्रजी आठाचं खालचं वेटोळं डावीकडून तासलं की त्याचा नऊ होतो. १८५७ला मोठे सेंट बंद झाल्यावर लोकांना ते जमवायचा नाद लागला, आणि एकोणिसाव्या शतकातच असे 'नऊ' बाजारात आले.

शाळेत असताना मी शिवराया जमवायचो. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं प्रत्येक ठशात थोडी वेगळी बसतात, कुठे काना लांब तर कुठे टिंबांची माळ सरकलेली. ती खोड इथे पोटाला लागली. हे सेंटचे ठसेही हाताने घडवलेले. एकातली अक्षरं आणि आकडे दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १७९३ ते १८१४ पर्यंतच्या सेंटना ठशांप्रमाणे क्रमांक दिले आहेत. त्यात १७९९चे फक्त दोन : १८८, ज्यात नऊ आठावर उमटवलाय, आणि १८९. म्हणजे समोरचं नाणं या दोघांपैकी एकाशी जुळायलाच हवं. ते जुळत नव्हतं. सालाचे आकडे, छातीचा उतार, केसांच्या बटा, सगळं १७९८च्या एका ठशाशी जुळलं.

मग मायक्रोस्कोप. शेवटच्या आकड्याच्या खाली डावीकडे नाण्याची सपाट जमीन किंचित खोल होती, आणि तिथला रंग आजूबाजूपेक्षा जरा मेलेला. काही न बोलता मी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

बराच वेळ ते बघत राहिले. "टोकदार हत्याराने तासलंय," ते म्हणाले. "मग वरून घोटलंय. हात चांगला होता हो याचा." पन्नास वर्षं तांब्याच्या नळ्या कापलेल्या माणसाला मी आणखी काय सांगणार?

"आजोबांनी केलं असेल का?"

"वाटत नाही. त्यांनाच कुणीतरी विकलं असेल."

नुसता झिजका १७९८ म्हणूनही त्याला बरे पैसे आले असते. छेडछाड झाल्यावर जवळपास काही नाही. मी आकडा सांगितला, त्यांनी मान हलवली. विकायचा विषयच संपला होता.

एक गोष्ट मात्र उरली. उद्या हे पाकीट कुणाच्याही हाती पडलं तर तो १७९९च वाचणार. "कोपऱ्यात पेन्सिलीने 'बदललेला आकडा' असं लिहू का?" मी विचारलं.

त्यांनी पाकीट पटकन उचलून छातीशी धरलं. "यावर नको. हे त्यांचं अक्षर आहे."

मग वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं, शेल्डन क्रमांकासकट, खाली सही आणि तारीख. ती चिठ्ठी त्यांनी घडी घालून पाकिटात नाण्याच्या मागे सरकवली, आणि दारापर्यंत जाऊन ती आत नीट बसलीय ना, हे पुन्हा उघडून बघितलं.