अळणी झऱ्यातले मीठवेडे

अळणी झऱ्यात मीठप्रेमी जीव खरंच राहतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि प्रत्येक व्याख्यानानंतर मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंच : "मॅडम, मिठावर जगणारे जंतू मिठागरात सापडले तर समजू शकतो. पण खारं पाणीच नाही अशा झऱ्यात सापडले म्हणता, तर नमुन्यात बाहेरून मीठ पडलं नसेल कशावरून?"

शंका रास्त आहे. हे जीव किती नाजूक असतात ते मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकले. मिठागरातल्या लालसर पाण्यातून महिनाभर वाढवलेली पहिली वसाहत मी काचपट्टीवर पसरली आणि रंग दिल्यावर सवयीने नळाखाली धुतली. सूक्ष्मदर्शकाखाली काही नाही. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. शेवटी आमच्या प्रयोगशाळेतल्या वयस्कर मदतनीसांनी विचारलं, "बाई, गोड्या पाण्यात धुताय काय?" मग डोक्यात प्रकाश पडला. हे आर्किया (बॅक्टेरियांसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले एकपेशी जीव) बाहेरच्या मिठाचा ताण पेलायला पेशीत पोटॅशियम साठवून ठेवतात, आणि त्यांचं बाहेरचं प्रथिनांचं कवचही मिठाच्या आधारानेच टिकतं. मीठ गेलं की कवच ढिलं पडतं, पाणी आत घुसतं आणि पेशी फुटते. माझे जीव नळाखालीच संपत होते. म्हणूनच त्यांची काचपट्टी आधी पातळ ॲसेटिक ॲसिडने पक्की करतात, रंग मग.

आता झऱ्याकडे येऊ. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या नैऋत्येला झोडलटोन नावाचा छोटासा झरा आहे. पाणी गंधकाचं, वास कुजक्या अंड्याचा. क्षार ०.७ ते १ टक्का, म्हणजे समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तिथल्या आर्कियांची जनुकं मुस्तफा एल्शाहेद आणि सहकाऱ्यांनी तपासली, तो लेख २००४ साली आला. झरा जिथे फुटतो तिथल्या गाळातल्या जनुकांमध्ये मीठप्रेमी गटाचा वाटा ४ टक्के होता. पुढे वाहत्या पाण्याखाली सूक्ष्मजीवांची जी साय धरते, तिच्यात तो ३६ टक्के निघाला. बाहेरून पडलेल्या मिठाने असा फरक पडत नाही. 

मग ते वाढतात कुठे? माझ्या मते इथेच आपली नजर फसते. आपण बाटली बुडवतो, क्षार मोजतो आणि "झरा अळणी" असं वहीत लिहून मोकळे होतो. पण काठावर पाणी पातळ होऊन उन्हात आटतं, मातीवर पांढरी पापडी धरते, आणि त्या बोटभर जागेत पाणी मिठागराइतकं खारट होऊ शकतं. पावसाची एक सर आली की पुन्हा अळणी. अशा जागी टिकायचं तर भरपूर मीठ सोसून भागत नाही, मीठ एकाएकी गेलं तरी फुटून चालत नाही.

त्या झऱ्यातून वेगळा केलेला एक गुलाबी जीव नेमका तसाच निघाला. वाढायला त्याला सुमारे ५ टक्के मीठ लागतं, म्हणजे वाहत्या पाण्यात तो वाढत नाही. पण ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवला तरी बराच काळ जिवंत राहतो. माझ्या नळाखाली त्याला काहीच झालं नसतं! पुढे त्याच्या जनुकांच्या अभ्यासात दिसलं की तो ट्रेहलोज नावाची साखर तयार करतो. मिठाचा ताण सांभाळायची ती दुसरी तऱ्हा.

"पण नवा आहे हे कळतं कसं?" हा उपप्रश्न ठरलेलाच. बहुतेक वेळ तो जुना नाही हे दाखवण्यातच जातो. ताटलीवरचा ठिपका आधी मिठाचा खडा तर नाही ना, हे पाहायचं (मी खडे मोजलेले आहेत). मग १६एस जनुक, म्हणजे सूक्ष्मजीवांची नाती ओळखायला वापरतात ते जनुक, ओळखीच्या नातलगांशी जुळवायचं. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असलं तर नवी जात असण्याची शक्यता. या गुलाबी पाहुण्याचं साम्य जवळच्या नातलगाशी जेमतेम ९० टक्के होतं, म्हणजे नुसती जात नव्हे, जातींचा अख्खा गट, प्रजातीच (जीनस) नवी. एवढ्यावर भागत नाही. पेशीपटलातले मेद, तो काय खातो, किती मिठात आणि किती आम्लतेत वाढतो, सगळं तपासायचं. शेवटी जिवंत नमुना निदान दोन देशांतल्या दोन संग्रहांत ठेवायचा. पुण्यातही असा राष्ट्रीय संग्रह आहे.

२००७ साली त्याचं बारसं झालं : हॅलअडॅप्टॅटस पॉसिहॅलोफिलस. दुसऱ्या शब्दाचा अर्थ थोडं मीठ आवडणारा. एका विद्यार्थिनीने तक्ता पाहून मला पकडलं, "पण मॅडम, हा तर १८ टक्के मिठात सर्वांत छान वाढतो!" बरोबर आहे तिचं. पण एकदा नियमाने ठेवलेलं नाव शोभत नाही म्हणून बदलता येत नाही. या गटातली सर्वांत जुनी प्रजाती बॅक्टेरिया नाही हे ठरून कितीतरी वर्षं झाली, तरी तिचं नाव अजून हॅलोबॅक्टेरियमच आहे.